कॅम्परची वीज: जानेवारी ते मे २०२५ च्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, निगडी

तारकर्लीहून काल रात्री परत आलो. नोंदवही आजपासून सुरू करतेय. हे काम आता पुढे ढकलता येणार नाही.

झालं ते असं. शुक्रवारी पहाटे साडेतीनला मला जाग आली. फ्रीजचा कॉम्प्रेसर रात्रभर बारीक गुरगुरत असतो. त्या आवाजाची इतकी सवय झालीय की तो थांबला की डोळे उघडतात. उठून पाहिलं, तर कॉम्प्रेसरच्या मॉड्यूलवरचा लाल दिवा एकदा लुकलुकायचा, थोडा थांबायचा, परत एकदा. या मॉड्यूलच्या भाषेत एक लुकलुक म्हणजे व्होल्टेज कमी पडलं म्हणून कॉम्प्रेसरने स्वतःला बंद करून घेतलंय. आत आईच्या इन्सुलिनची तीन न उघडलेली पेनं होती. ती २ ते ८ अंशांत राहायला हवीत, आणि फ्रीजचा आकडा ११ वर गेलेला.

उजाडल्यावर होडीवाल्यांकडून बर्फ मागून आणला. इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं, म्हणून पेनं टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात आणि तो डबा बर्फाच्या शेजारी, बर्फाला न टेकवता ठेवला. थर्मामीटर डब्यातच. घरी येईपर्यंत मी तासातासाला झाकण उघडून बघत होते. आई एवढंच म्हणाली, "तुझे दिवे-पंखे राहू देत गं, माझं औषध थंड राहिलं म्हणजे झालं."

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्या पहाटे बॅटरीजवळच्या मीटरवर १२.२ व्होल्ट दिसत होते. १२.२ ला फ्रीज बंद पडायचं काही कारण नाही. या कॉम्प्रेसरची बंद व्हायची रेषा १०.४ ला आहे.

गाडीबद्दल थोडक्यात: टेम्पो ट्रॅव्हलर, आरटीओत कॅम्पर व्हॅन म्हणूनच नोंदलेली. मी आणि दादाने मिळून जुनी घेतली. मागच्या बाजूला १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूब्युलर, म्हणजे लेड ॲसिड बॅटऱ्या समांतर जोडलेल्या, छतावर काही नाही, इन्व्हर्टर घरगुती. वायरिंग आधीच्या मालकाने करून घेतलेलं.

१९ जानेवारी

दादाचं म्हणणं, बॅटऱ्या गेल्या, सरळ लिथियम टाकू. मी भोसरीत इन्स्ट्रुमेंटेशनच्या मेंटेनन्सला आहे. तिथे पहिला नियम असा की भाग बदलायच्या आधी मोजायचं. म्हणून आज फक्त मोजमाप.

फ्रीज चालू, डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ५ अँपिअर. (साधा क्लॅम्प मीटर डीसी दाखवत नाही. विकत घेताना हे बघून घ्यावं लागतं, आणि या कामात त्याच्यावाचून चालत नाही.) बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट. फ्रीजच्या टोकांवर ११.३. म्हणजे ५ अँपिअरला १.१ व्होल्ट वाटेतच गेले.

मग टप्प्याटप्प्याने मोजत गेले. फ्रीजची वायर १.५ स्क्वेअर एमएम जाडीची निघाली. बॅटरीपासून फ्रीज ७ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १४ मीटर. तांब्याचा हिशोब सोपा आहे: ०.०१७५ गुणिले एकूण लांबी, भागिले स्क्वेअर एमएम. उत्तर ०.१६३ ओहम येतं, ५ अँपिअरला ०.८ व्होल्ट. उरलेले ०.३ कुठे, ते शोधायला दीड तास लागला. पाण्याच्या टाकीमागे हात घालून चाचपलं तेव्हा बोटाला चिकट काहीतरी लागलं. दोन वायरी नुसत्या पिळून त्यावर काळी टेप मारलेली. टेप सोलली तर आतलं तांबं हिरवं, आणि तारा इतक्या ठिसूळ झालेल्या की वाकवताना दोन तुटल्या.

कोडं इथे सुटलं. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर दुप्पट करंट ओढतो. मीटरच्या मिन-मॅक्स बटणाने तो क्षण पकडता येतो. बॅटरी १२.२ ला असताना सुरू होतानाचा नीचांक फ्रीजपाशी १०.२ आला. रेषा १०.४ ची. बॅटरीत वीज होती, ती फ्रीजपर्यंत पोचत नव्हती.

संध्याकाळपर्यंत ६ स्क्वेअरची नवी वायर टाकली, मधे एकही जोड नाही. आता बॅटरीवर १२.४ तर फ्रीजवर १२.२. खर्च फक्त वायरचा. दादा बराच वेळ मीटरकडे बघत राहिला.

२६ जानेवारी

वायर सुधारली तरी बॅटऱ्यांचा प्रश्न आहेच. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावला: एका बॅटरीतले पाच कप्पे १.२३ च्या आसपास, सहावा १.१५. पूर्ण चार्ज करूनही तो वर येत नाही. अशा बॅटरीला समांतर दुसरी चांगली असली तर चांगलीही तिच्यामागे खाली ओढली जाते. शिवाय लेड ॲसिडला आयुष्य हवं असेल तर निम्म्याखाली उतरवायचं नाही. म्हणजे कागदावर ३०० एएच, हातात १५०, साधारण १.८ किलोवॉट तास. आणि वजन शंभर किलोच्या वर. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तोही झोपायच्या जागेखाली.

रोजची गरज आज वहीत मांडली. फ्रीज ४५ वॉट, दिवसाचे बारा तास प्रत्यक्ष चालणं धरून ५४०. दोन १२ व्होल्टचे पंखे, २५ वॉटचे, आठ तास: ४००. आईचं रात्रीचं श्वासाचं मशीन ४० वॉट, आठ तास: ३२०. इंडक्शन १२०० वॉट अर्धा तास: ६००. लॅपटॉप-फोन २००, दिवे ६०, पाण्याचा पंप २०. बेरीज २१४० वॉट तास, इन्व्हर्टरमधली गळती धरून सव्वादोन किलोवॉट तासांच्या पुढे. सगळ्यात मोठा आकडा इंडक्शनचा, पण ज्याच्यावाचून अडतं ते फ्रीज आणि श्वासाचं मशीन. म्हणून ठरवलं की ही दोन थेट १२ व्होल्टवर आणि वेगळ्या फ्यूजवर राहतील. इन्व्हर्टर बंद पडला तरी त्यांना धक्का लागता कामा नये. श्वासाच्या मशीनला १२ व्होल्टचा अडॅप्टर मिळतो, तो मागवला.

९ फेब्रुवारी

तयार लिथियम बॅटरी घ्यायची की सेल आणून बांधायची, यावर दोन रविवार गेले. कोणी मला विचारलं तर, मीटर रोज हातात नसणाऱ्याने तयार घ्यावी असंच सांगेन. मी सेलकडे वळले कारण मला प्रत्येक सेल डोळ्यांपुढे हवा आहे, आणि उद्या एक बिघडला तर तेवढाच बदलायचा आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे २८० एएचचे चार सेल. एकेकाचे ३.२ व्होल्ट, चार ओळीत म्हणजे १२.८. एकूण ३५८४ वॉट तास, त्यातले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात. सेल सुमारे साडेपाच किलोचा, म्हणजे चारही मिळून बावीस. ही रसायनं इतर लिथियमपेक्षा तापून पेटण्याच्या बाबतीत बरीच शांत आहेत. पण सेल शांत म्हणून करंट शांत नसतो. टोकं शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर वाहतात, आणि आग लागते ती वायरीला. पुढची सगळी आखणी या एका वाक्याभोवती आहे.

२३ फेब्रुवारी

सेल आले. खोकं उघडताना आधी बाजू बघितल्या, कुठे फुगवटा नाही. चौघांचं व्होल्टेज ३.२९६ ते ३.२९८. कोपऱ्याला चेपलेला एकही नाही.

काम सुरू करायच्या आधी दहाच्या आणि तेराच्या पान्यांना टोक सोडून सगळीकडे टेप गुंडाळली. बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र काढून घरात ठेवलं. दादालाही अंगठी काढायला लावली. सेलच्या दोन टोकांवर अंगठी टेकली तर बोट वाचत नाही. हे बोलायला भीतीदायक वाटतं, पण कामाच्या जागी मी जळालेला हात पाहिलेला आहे.

२ मार्च

आठवडाभर टॉप बॅलन्सिंग चाललं. कारखान्यातून येताना सेल अर्धवट भरलेले असतात आणि चौघांची पातळी नेमकी सारखी नसते. ओळीत जोडले की ज्याची पातळी वर आहे तो आधी भरतो, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडतो आणि बाकीचे तिघे अर्धपोटी राहतात. म्हणून सगळे एकदा काठोकाठ, एकसारखे भरून घ्यायचे.

माझ्याकडचा पॉवर सप्लाय १० अँपिअरचा. चौघं समांतर जोडून थेट त्यावर लावले असते तर सत्तर तासांच्या आसपास गेले असते. त्यापेक्षा आधी ओळीत जोडून, बीएमएस लावून, १४.४ च्या चार्जरने भरले. पहिला सेल ३.६ ला पोचल्यावर थांबले, पॅक सोडवला आणि मग चौघं समांतर करून ३.६५ वर लावले. इथे एक गोष्ट जिवावर बेतू शकते: सप्लायचा ३.६५ आकडा सेल जोडायच्या आधी लावून, मीटरने पडताळून घ्यायचा, आणि सेल जोडल्यावर सप्लायच्या त्या नॉबला हात लावायचा नाही. सेल जोडलेला असताना आकडा कमी दिसतो, म्हणून माणूस व्होल्टेज वाढवतो, आणि रात्री कधीतरी सेल फुगतो.

शनिवारी पहाटे करंट अर्ध्या अँपिअरच्या खाली आला. बंद केलं.

९ मार्च

पेटी. सेलच्या मधे आणि बाजूंना हायलमचे (वीज न वाहणाऱ्या कडक पत्र्याचे) तुकडे, कारण सेलचं अॅल्युमिनियमचं अंग नुसत्या निळ्या प्लास्टिकने झाकलेलं असतं. घाटात गाडी हादरते आणि ते प्लास्टिक घासून फाटू शकतं. दोन टोकांना जाड प्लाय, त्यातून चार थ्रेडेड रॉड, सेल हलणार नाहीत इतपतच आवळले. सेल जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे बसबार, स्कॉचब्राइटने घासून, स्पिरिटने पुसून लगेच बसवले. नट टॉर्क रेंचने, सेलसोबत आलेल्या कागदावरच्या मर्यादेत. हाताच्या अंदाजाने आवळायचं नाही, सेलच्या टोकाची खुंटी नुसती वेल्ड केलेली असते.

पेटीची जागा सोफ्याखाली, गाडीच्या आत. बाहेर चॅसीला लटकवायचा विचार दादाचा होता. सायलेन्सरची धग एका बाजूला, हिवाळ्यात हिमाचलात गेलो तर थंडी दुसऱ्या बाजूला. शून्याखाली हे सेल चार्ज करायचे नसतात, आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही. बीएमएसमध्ये चार्जिंगची खालची मर्यादा ५ अंश आणि वरची ५० अंश ठेवली.

१६ मार्च

केबलचा दिवस, आणि दिवसाचा निम्मा भाग वाया.

इन्व्हर्टर २००० वॉटचा शुद्ध साइन वेव्ह. १२ व्होल्टवर, गळती धरून, पूर्ण भाराला १८५ अँपिअर लागतील. आम्ही १५०० च्या वर जाणार नाही, तरी केबल ५० स्क्वेअरची ठरवली, लांबी मीटरभर. ऑनलाइन मागवलेली केबल हातात घेतली तेव्हाच हलकी वाटली. एक तार ब्लेडने खरवडली: वर तांबूस, आत पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. वर्णनात मात्र 'शुद्ध तांबं' लिहिलेलं. अशा केबलचा रोध तांब्याच्या दीडपट, आणि क्रिम्प केलेल्या, म्हणजे दाबून बसवलेल्या जागी ती काळानुसार दबत जाऊन सैल होते. मला या गोष्टीचा खरोखर राग आला. घेणाऱ्याला ब्लेडने खरवडून बघायचं माहीत नसेल तर ही केबल एखाद्या गाडीत लेकरांच्या बिछान्याखाली जाईल.

दुपारी पीएमपीने बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. तिथे केबल हातात घेऊन, टोक सोलून, बघून घेता येते. तांब्याची वेल्डिंग केबल घेतली, बारीक तारांची, वळते चांगली. टिनचा मुलामा असलेले तांब्याचे थिंबल (केबलच्या टोकाला बसवायची कडी), आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). हायड्रॉलिक क्रिम्पर ओळखीच्या पॅनेलवाल्याकडून दिवसाच्या बोलीवर आणला. पहिलं थिंबल दाबून, करवतीने आडवं कापून पाहिलं: आत तारा एकजीव, मधे पोकळी नाही. मग बाकीची केली.

२३ मार्च

फ्यूज. परदेशातल्या नोंदींमध्ये सगळे 'क्लास टी' सांगतात. कारण साधा पट्टीचा फ्यूज वितळतो खरा, पण हजारो अँपिअरच्या शॉर्टमध्ये आत ठिणगीचा पूल तयार होऊन करंट वाहतच राहू शकतो. फ्यूज किती अँपिअरला उडतो याइतकंच तो किती मोठा शॉर्ट तोडू शकतो हेही बघायचं. क्लास टी इथे सहज मिळत नाही. पण आपल्याकडच्या प्रत्येक पॅनेलवाल्याकडे एचआरसी फ्यूज असतो, चिनी मातीच्या अंगाचा, आत वाळू भरलेला. ती वाळूच ठिणगी विझवते. २०० अँपिअरचा घेतला, ज्याच्या अंगावर एसीच्या शेजारी डीसीचं व्होल्टेजही छापलंय असाच. डीसी न छापलेला दुकानदार देत होता, तो परत ठेवला. डीसीची ठिणगी एसीसारखी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, तिला तोडणं जास्त कठीण.

फ्यूज पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरावर. त्याच्या अलीकडच्या केबलला कोणाचंच संरक्षण नाही, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली आणि आईच्या हातून मेन स्विच चालू केला.

त्याआधी एक पायरी. इन्व्हर्टरच्या आत मोठे कॅपॅसिटर असतात. रिकामे असताना थेट बॅटरीला जोडले की फाडकन ठिणगी उडते, स्विचची टोकं जळतात, कधी बीएमएस शॉर्ट समजून तोडतो. त्यासाठी जुन्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब स्विचच्या दोन टोकांमध्ये धरला. बल्ब पेटला, हळूहळू मंद होत विझला. विझला म्हणजे कॅपॅसिटर भरले. मग स्विच. काही आवाज नाही, ठिणगी नाही.

इंडक्शनवर पहिला चहा झाला. १०४ अँपिअर, पॅक १३.३ वरून १२.९ ला उतरला आणि तिथेच थांबला. जुन्या बॅटऱ्यांवर इंडक्शन लावायची हिंमतच नव्हती.

शंट बसवला आहे. या सेलचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, ७० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक व्होल्टवरून कळत नाही. आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजत राहणं हाच मार्ग.

६ एप्रिल

भार देऊन तपासणी. इंडक्शनवर दहा मिनिटं पाणी उकळत ठेवलं, १०० अँपिअर, आणि इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन एकेक जोड बघत गेले. ३६, ३८, ३७, आणि इन्व्हर्टरच्या निगेटिव्हला ७१. हात लावून पाहिला नाही, त्याची गरज नव्हती. हीटश्रिंकची कड चकाकायला लागली होती.

लगेच बंद केलं. पुन्हा भार देऊन मीटर मिलिव्होल्टवर, एक टोक थिंबलवर आणि दुसरं बोल्टच्या बुडाशी: ६२ मिलिव्होल्ट. गुणिले १०० अँपिअर, म्हणजे त्या एका नखाएवढ्या जागेत ६ वॉटच्या वर उष्णता. नट उघडला. स्प्रिंग वॉशर थिंबलच्या खाली गेलेला होता. सगळा करंट त्या लोखंडी वॉशरमधून वाट काढत होता. तो जोड मीच, त्या दिवशी शेवटचा, अंधार पडल्यावर बसवला होता.

क्रम असा: आधी पितळी पृष्ठभाग, त्यावर थेट थिंबल, मग साधा वॉशर, मग स्प्रिंग, मग नट. थिंबल आणि पृष्ठभाग यांच्या मधे काहीही नको. दोन्ही घासून परत बसवलं. ४ मिलिव्होल्ट, तापमान ३७.

तो जोड सोफ्याच्या फळीखाली, उशीपासून हातभर अंतरावर आहे. आज मोजलं नसतं तर तो कुठल्यातरी मुक्कामात सापडला असता. यापुढे अंधार पडला की नटाला हात लावायचा नाही, आणि प्रत्येक जोडाला मिलिव्होल्टचा आकडा लिहिल्याशिवाय झाकण लावायचं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर एकवीस जोडांची यादी केली, प्रत्येकापुढे आजचा आकडा. नटांवर लाल रंगाची रेघ ओढली, सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

१३ एप्रिल

चालत्या गाडीत चार्जिंग. आधी इंजिनची बॅटरी आणि मागच्या बॅटऱ्या एका रिलेने थेट जोडलेल्या होत्या. लिथियमला ते चालत नाही. लेड ॲसिड भरत आली की स्वतःच करंट कमी घेते, लिथियम शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहतं. आमचा अल्टरनेटर ७५ अँपिअरचा. घाटात चढताना इंजिन गरम, ट्रॅफिकमध्ये पंखा हळू, आणि अल्टरनेटर पूर्ण भारावर. तो जळायला वेळ लागत नाही. म्हणून मधे ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर. इग्निशनची वायर मिळाली तरच तो सुरू होतो.

या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज दिले. पुष्कळ ठिकाणी एकच दिसतो. पण इथे दोन्ही बाजूंना बॅटरी आहे. मधे कुठे केबल घासून चॅसीला लागली तर दोन्हीकडून करंट येणार.

२० एप्रिल

२३० व्होल्टची बाजू मी स्वतः केली नाही. परवाना असलेल्या वायरमनकाकांना बोलावलं, मी हाताखाली राहिले. मुद्दा एकच लिहून ठेवते, तो मलाही नवा होता. इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल चॅसीशी जोडलेला नसेल तर आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) शॉकच्या वेळी ट्रिप होणारच नाही, कारण गळतीला परत जायची वाटच नसते. आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण तरीही ट्रिप करून दाखवतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असा समज होतो. काकांनी आधी इन्व्हर्टरची पुस्तिका वाचून न्यूट्रल-अर्थ जोडायला परवानगी आहे याची खात्री केली, कारण काही इन्व्हर्टरांत तसं केलं की तो जळतो. मग जोडलं. बाहेरच्या लाइनवर असताना ही जोडणी आपोआप सुटते. शेवटी त्यांनी टेस्टरने फेजपासून अर्थला मुद्दाम गळती देऊन ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी खरोखर पडतो हे दाखवलं.

छतावर २०० वॉटचे दोन पॅनेल, ओळीत, खाली दोन इंचांची मोकळी जागा. एमपीपीटी, म्हणजे सोलरचा चार्जर, ३० अँपिअरचा. चार्जिंग १४.२ वर थांबवते, १४.६ पर्यंत नेत नाही. तेवढ्याने क्षमतेत फारसा फरक पडत नाही.

४ मे, वर्धा

मावशीकडे आलोय. चार दिवस, आणि विदर्भातलं ऊन. दुपारी दोनला सोफ्याखाली पेटीचं तापमान ४१. या सेलना थंडीपेक्षा उष्णता हळू मारते, पण मारते. त्यात काठोकाठ भरून उन्हात ठेवणं सगळ्यात वाईट. म्हणून गाडी कडुनिंबाखाली लावली आणि चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली. सावलीत सोलर कमी मिळतं, पण सकाळी साडेदहापर्यंत पूर्वेचं ऊन पॅनेलवर येतं, तेवढं पुरतं.

पहिल्या दिवशी उघड्यावर मोजलं होतं: ४०० वॉटच्या पॅनेलमधून जास्तीत जास्त ३०५. पॅनेलची पाठ ६८ अंश. २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला ते साधारण ०.३५ ते ०.४ टक्के गमावतात. खालची दोन इंचांची जागा नसती तर आणखी गेले असते. दिवसाचं उत्पादन मात्र १.७ किलोवॉट तास, वहीतल्या अंदाजापेक्षा बरं.

फ्रीज जवळजवळ थांबतच नाही. ५४० धरले होते, प्रत्यक्ष ८६० वॉट तास. उन्हाळ्याचा अंदाज उन्हाळ्यात मोजूनच करावा हे लिहून ठेवते. फ्रीजच्या मागच्या जाळीला वरून-खालून हवा येईल अशी दोन भोकं पाडायची आहेत.

पेनं ५ अंशांत. मावशी आईला म्हणाली, "आता महिनाभर राहा की." आई म्हणाली, "गाडीला विचार."

२८ मे, निगडी

यंदा पाऊस फारच लवकर आला, २६ तारखेला मुंबईत मान्सून. पुण्यातही आठवडाभर ढग. हीच संधी म्हणून गाडी सोसायटीत उभी करून फ्रीज, एक पंखा आणि रात्री श्वासाचं मशीन चालू ठेवलंय, बाहेरून प्लग न लावता. सोलर दिवसाला ३०० ते ४०० वॉट तास. खर्च १०५० च्या आसपास. म्हणजे रोज साडेसहाशे ते साडेसातशेची तूट. ८० टक्के वापरायची असेल तर पूर्ण भरलेली बॅटरी चार दिवस पुरेल. गाडी उभी ठेवून इंजिन अर्धा तास चालवलं तर १५ एएच, तेवढ्यासाठी डिझेल जाळण्यात अर्थ नाही. पावसात दर चौथ्या दिवशी प्लगची सोय किंवा सात-साडेसात तासांचा प्रवास, हा हिशोब आषाढीच्या आधी पक्का करायचाय. ६ जुलैला आईला पंढरपूरला न्यायचंय, आणि तिथे गाडीजवळ प्लग मिळेल असं धरून चालायचं नाही.

छतावर केबल आत येते तिथल्या ग्लँडपाशी ओल दिसली. सीलंट खरवडून परत भरलं, केबलला आत येण्याआधी खाली झोळ दिला म्हणजे थेंब तिथूनच गळेल. एकवीस जोडांचे मिलिव्होल्ट पुन्हा घेतले. वर्ध्याच्या जाऊन-येऊन प्रवासानंतर एकोणीस जसेच्या तसे, दोन थोडे वाढलेले: मेन स्विचचा पॉझिटिव्ह ३ वरून ९, पंपाचा फ्यूज होल्डर ५ वरून ११. पहिल्याची लाल रेघ केसभर सरकलेली. दोन्ही उघडून, घासून परत आवळले. ३ आणि ४.

रात्री ११: बॅटरी ४१ टक्के. फ्रीज ४ अंश. कॉम्प्रेसर चालू आहे, इथवर ऐकू येतोय.